फ्लोराइड किती, हे आधी विचारा

वाचक लिहितात : “माझी मुलगी सहा महिन्यांची गरोदर आहे आणि तिचा पहिला मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. ती राहते त्या शहरात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळतात. ते चालू ठेवायचे की बंद करायचे, यावर पुढच्या महिन्यात जाहीर सुनावणी आहे. जावई म्हणतात, फ्लोराइड हे विष आहे, त्याने पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. त्यांनी पिण्यासाठी नळाचे पाणी वापरणे बंद केले आणि नातवाची फ्लोराइडची टूथपेस्टसुद्धा फेकून दिली. मुलगी म्हणते, ऐंशी वर्षे लोक हे पाणी पीत आहेत, मग इतके सगळे डॉक्टर चुकले का? दोघेही शिकलेले आहेत, दोघेही मोबाइलवर एकमेकांना काही ना काही दाखवतात आणि शेवटी दोघांचे बोलणे बंद होते. मी कोणाचे खरे मानू? सुनावणीला मलाही जायचे आहे. तेथे काय विचारू? — एक आजी”

सप्रेम नमस्कार.

एक काम आजच करा, माझे उत्तर पुढे वाचायला उशीर झाला तरी चालेल : नातवाची टूथपेस्ट परत आणा. पाण्यातल्या फ्लोराइडबद्दल मतभेदाला जागा आहे आणि त्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. पण फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात किडण्याचे प्रमाण कमी होते, हे भरपूर पुराव्यांनी सिद्ध झालेले आहे. फ्लोराइड मुख्यतः पोटात जाऊन नव्हे, तर दातांवर राहून काम करते. आपण काही खाल्ले की तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण थरातली खनिजे विरघळवते आणि नंतर लाळ ती खनिजे हळूहळू परत बसवते. ही झीज आणि भर दिवसभर चालू असते. लाळेत थोडे फ्लोराइड असेल तर परत बसणारा थर मूळच्या थरापेक्षा आम्लापुढे जास्त टिकतो. फ्लोराइड नसलेल्या पेस्टने दात घासल्यावर तोंडाला वास चांगला येतो आणि दात स्वच्छ दिसतात, पण हे काम होत नाही.

जावयांची भीती मात्र टूथपेस्टच्या बाबतीत एका ठिकाणी अगदी योग्य आहे, आणि ते ठिकाण म्हणजे ब्रशवर पिळली जाणारी पेस्ट. जाहिरातीत ब्रशच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नागमोडी पट्टा दाखवतात. तो लहान मुलांसाठी नाही. ज्या पेस्टच्या वेष्टनावर १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असे लिहिलेले असते, तिच्या एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असते. ब्रशभर पट्टा साधारण एक ग्रॅम भरतो, वाटाण्याएवढी पेस्ट त्याच्या चौथाई. चव गोड म्हणून मुलाने पूर्ण पट्टा गिळला, तर फ्लोराइड मिसळलेले जवळजवळ दीड लिटर पाणी प्यायल्याइतके फ्लोराइड त्याच्या पोटात गेले, असे समजा. म्हणून तीन वर्षांच्या आतील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट द्यावी, ती मोठ्या माणसाने स्वतः ब्रशला लावावी, शेजारी उभे राहून दात घासून द्यावेत आणि पेस्ट थुंकायला शिकवावे. तुम्ही सध्या त्या घरात असाल तर हे सकाळ-रात्रीचे काम तुम्हीच आनंदाने हातात घ्याल, याची मला खात्री आहे.

आता पाण्याकडे येते. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात विष आहे, मेंदू आहे, ऐंशी वर्षे आहेत, डॉक्टर आहेत. फक्त त्या शहराच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे, हा आकडा नाही. तो मुलीनेही विचारलेला दिसत नाही आणि जावयांनीही नाही. फ्लोराइड हा काही कारखान्यातच जन्मलेला परका पदार्थ नव्हे. खडकांमधून झिरपणाऱ्या पाण्यात ते आपोआप विरघळते आणि थोड्याफार प्रमाणात जवळजवळ प्रत्येक नैसर्गिक पाण्यात असते. कोठे ते लिटरमागे मिलिग्रॅमच्या दशांशाइतके असते, तर कोठे दहा मिलिग्रॅमच्याही पुढे जाते. ज्या एकाच नावाखाली शंभरपट फरक मावतो, त्या नावावर “चांगले की वाईट” असा वाद घालून हाती काहीच लागत नाही.

या विषयाचा सगळा इतिहासच प्रमाणाचा इतिहास आहे. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण दंतवैद्याने अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे व्यवसाय सुरू केला, तेव्हा तेथेच लहानाचे मोठे झालेल्या अनेकांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. कारण शोधता शोधता त्याच्या लक्षात आले की हे दात दिसायला खराब असले तरी किडत मात्र कमी आहेत. मूळ कारण सापडायला तीस वर्षे गेली : १९३१ मध्ये रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना आर्कान्सामधील बॉक्साइट या गावाच्या पाण्यात भरपूर फ्लोराइड सापडले आणि डागांचा उलगडा झाला. पुढे अमेरिकी दंतसंशोधक ट्रेंडली डीन यांनी अनेक शहरांतील पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले. लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर कीड बरीच कमी होते आणि ठळक डाग मात्र फारसे पडत नाहीत, असे त्यांना आढळले. त्याच आधारावर २५ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स हे पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळणारे जगातले पहिले शहर ठरले. तुमच्या मुलीची “ऐंशी वर्षे” तेथून सुरू होतात.

पण याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला उलटी गोष्ट नोंदली जात होती. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर परिसरात असे रुग्ण आढळले की ज्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला होता, सांधे आखडले होते आणि मान वळवायची तर सगळे अंग वळवावे लागत होते. त्यांच्या विहिरींच्या पाण्यात नैसर्गिक फ्लोराइडच इतके होते की वर्षानुवर्षे ते पिऊन हाडांची रचना बदलली होती. आजही भारत, चीन आणि पूर्व आफ्रिकेतील खचदरीच्या पट्ट्यात लक्षावधी लोकांसमोरचा प्रश्न पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा नसून ते काढण्याचा आहे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने त्याचसाठी विकसित केली. जावयांनी दाखवलेल्या चित्रफितींत वाकलेले पाय आणि कुबड आलेली माणसे असतील, तर ती चित्रे बहुधा खरीच असणार. पण ती अशा विहिरींच्या पाण्याची आहेत. ती दाखवून त्याच दमात दुसऱ्या शहराच्या नळाकडे बोट दाखवले जाते, तेव्हा ऐकणाऱ्याची फसगत होते, आणि ती फसगत करणाऱ्यांबद्दल मला मनापासून राग आहे, कारण त्या रुग्णांचे दुःख भलत्याच वादात वापरले जाते.

म्हणून पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे गेल्या वर्षभराचा पाणी तपासणी अहवाल मागा आणि त्यात फ्लोराइडची ओळ शोधा. प्रमाण मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा पीपीएम असे दिलेले असेल. पाण्याच्या बाबतीत दोन्हींचा अर्थ एकच. नुसती सरासरी घेऊ नका, वर्षातील सर्वांत जास्त नोंद कोणती हेही पाहा. तो आकडा हातात आला की पुढील आकड्यांच्या शेजारी ठेवा. पाण्यात फ्लोराइड मिसळणाऱ्या अमेरिकी शहरांसाठी २०१५ पासून शिफारस ०.७ आहे, त्याआधी ती हवामानानुसार ०.७ ते १.२ होती. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १.५ आहे. त्याच संघटनेच्या म्हणण्यानुसार ३ ते ६ मिलिग्रॅमचे पाणी दीर्घकाळ प्यायल्यास हाडांवर परिणाम दिसू लागतात आणि माणूस अपंग होण्याइतका आजार साधारणपणे १० च्या वर दिसतो. अमेरिकेत कायद्याने बंधनकारक कमाल मर्यादा मात्र १९८६ पासून ४ आहे. इतकी सैल मर्यादा एखाद्या देशाने इतकी वर्षे ठेवावी, हे मला पटत नाही, आणि फ्लोराइडला विरोध करणाऱ्यांनी या आकड्यावर बोट ठेवले तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

तुमच्या मुलीचे म्हणणे मी आधी तपासते, कारण मी स्वतः दंतवैद्य असल्यामुळे माझा कल तिच्याकडे असणार, हे मला ठाऊक आहे. ग्रँड रॅपिड्समध्ये अकरा वर्षांनंतर, योजना सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांतील कीड साठ टक्क्यांहून जास्त घटलेली आढळली. हा आकडा अजूनही भाषणांत येतो. परंतु तेव्हा फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घराघरात नव्हती. ती आल्यानंतर पाण्याचा वेगळा फायदा लहान होत गेला. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा १९७५ नंतरच्या अभ्यासांत पाण्यातील फ्लोराइडमुळे दर मुलामागे दुधाच्या किडलेल्या दातांची संख्या सरासरी फक्त पाव दाताने कमी दिसली, आणि तीही पूर्ण खात्रीने नाही. पाव दात म्हणजे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही, कारण सरासरीत सगळी मुले सारखी मोजली जातात आणि कीड मात्र सगळ्यांना सारखी लागत नाही. चार वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर खुर्चीत बसला होता : गाल सुजलेला, रात्रभर झोप नाही, वरच्या पुढच्या चारही दातांच्या जागी हिरडीलगत तपकिरी खुंट. त्याच्या आईने सांगितले की तो महिनाभर फक्त पातळ पदार्थ गिळत होता. अशी मुले बहुतेक त्याच घरांतून येतात, जेथे ब्रश वेळेवर बदलला जात नाही आणि दंतवैद्याकडे जाणे दुखणे असह्य होईपर्यंत लांबणीवर पडते. नळाचे पाणी कोणालाही वगळत नाही, हा त्या योजनेच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. “ऐंशी वर्षे लोक पीत आहेत” हा मुद्दा तितका भक्कम नाही. शिसे घातलेले पेट्रोलही लोकांनी अनेक दशके बिनघोर वापरले होते. मुलीने तो सोडून द्यावा.

नुकसानीची बाजू दातांपासूनच सुरू होते. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, फ्लोराइड जास्त पोटात गेले तर दातांवर पांढरे पट्टे आणि ठिपके उमटतात. प्रमाण फारच जास्त असेल तर तपकिरी डाग आणि खड्डे पडतात. ०.७ प्रमाणाच्या पाण्यातही सुमारे बारा टक्के लोकांच्या दातांवर नजरेला खटकतील असे डाग असू शकतात, असा अंदाज कॉक्रेनच्याच २०१५ च्या आढाव्यात आहे. माझे व्यवसायबंधू “हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे” असे म्हणून तो बाजूला सारतात. विहिरीच्या जास्त फ्लोराइडच्या पाण्यावर वाढलेली अकरा वर्षांची एक मुलगी मला आठवते. बोलताना तिची बोटे आपोआप ओठांपुढे येत. तू दात घासत नाहीस का, असे तिला सगळे विचारत, म्हणून ती इतक्या जोराने घासायची की हिरड्या सोलवटल्या होत्या. तिचे डाग ०.७ च्या पाण्याचे नव्हते, हे मी पुन्हा सांगते. पण त्या वयात दिसणे ही क्षुल्लक बाब नसते, एवढे मला तिने शिकवले.

आता मेंदूचा प्रश्न, ज्यावरून तुमच्या घरात बोलणे बंद होते. जावयांनी ही भीती हवेतून आणलेली नाही, हे मुलीने मान्य करावे. पदार्थांचा विषारीपणा तपासणाऱ्या, अमेरिकी सरकारच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने ऑगस्ट २०२४ मध्ये अनेक वर्षांच्या छाननीनंतर असा निष्कर्ष काढला की लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडच्या संपर्काचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध आहे, आणि या निष्कर्षावर त्यांचा विश्वास मध्यम दर्जाचा आहे. त्याच अहवालात, ०.७ च्या पाण्याने असा परिणाम होतो की नाही हे ठरवायला पुरेशी माहिती नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. पहिले वाक्य जावयांच्या मोबाइलवर असेल आणि दुसरे मुलीच्या. दोन्ही एकाच अहवालातली आहेत आणि एकत्रच वाचायची आहेत. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये ७४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातही फ्लोराइड वाढेल तसा बुद्ध्यांक घटताना दिसला, पण पाण्यातील प्रमाण १.५ च्या खाली असलेल्या अभ्यासांपुरते पाहिले तेव्हा तो संबंध दिसला नाही. त्या ७४ पैकी ५२ अभ्यासांत चुकीची शक्यता जास्त असल्याचे विश्लेषण करणाऱ्यांनीच नोंदवले आहे, आणि बहुतेक अभ्यास नैसर्गिक फ्लोराइड जास्त असलेल्या चीनमधील भागांतले आहेत.

तरीही गर्भारपणाविषयी एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. २०१७ मध्ये मेक्सिकोतील आणि २०१९ मध्ये कॅनडातील माता-मुलांच्या अभ्यासांत आईच्या लघवीतील फ्लोराइड जास्त असेल तर मुलाचा बुद्ध्यांक काहीसा कमी आढळला. कॅनडाच्या अभ्यासात हा संबंध मुलग्यांत दिसला, मुलींत नाही. हे अभ्यास काळजीपूर्वक केलेले होते आणि त्यांतील फ्लोराइडचे प्रमाण प्रचंड नव्हते. दुसरीकडे स्पेन आणि डेन्मार्कमधील तशाच अभ्यासांत हे नुकसान दिसले नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांना अडतीस वर्षांच्या वयापर्यंत तपासले, तेव्हा फ्लोराइड मिसळलेल्या आणि न मिसळलेल्या भागांत वाढलेल्यांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही; मात्र तेथे गर्भातील संपर्क मोजलेला नव्हता. लघवीतील फ्लोराइड हे फक्त पाण्याचे माप नसते, त्यात चहाही येतो, कारण चहाचे झाड जमिनीतील फ्लोराइड पानांत साठवते. हे सगळे एकत्र ठेवल्यावर माझे मत असे आहे : ०.७ च्या पाण्याने बाळाच्या मेंदूला इजा होते, हे सिद्ध झालेले नाही; पण ती शक्यता पूर्णपणे मिटली आहे, असेही आज कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

तुमच्या जावयांनी कदाचित न्यायालयाचा निकालही दाखवला असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी ०.७ च्या पातळीलाही मुलांच्या बुद्धीच्या दृष्टीने गैरवाजवी जोखीम आहे, असे ठरवून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला कारवाई करायला सांगितले. पण हे पाणी अपायकारक असल्याचे खात्रीने ठरवलेले नाही, असेही त्यांनी त्याच निकालपत्रात लिहिले आहे. सुरक्षित पातळी आणि प्रत्यक्ष पातळी यांत पुरेसे अंतर राहत नाही, हा त्यांचा आक्षेप होता, आणि तो आक्षेप मला गंभीर वाटतो. १.५ आणि ०.७ यांत जेमतेम दुपटीचे अंतर आहे, आणि जो माणूस दुप्पट पाणी पितो त्याच्यासाठी ते अंतर उरतच नाही.

म्हणून तुमच्या मुलीसाठी सल्ला असा. आकडा ०.७ च्या आसपास असेल तर आजवर ती जे पाणी प्यायली त्याबद्दल मनात अपराधी भावना आणू नये, आणि तशी भावना तिच्या मनात कोणी निर्माणही करू नये. गर्भारपणाच्या उरलेल्या महिन्यांत कमी फ्लोराइडचे पाणी सहज मिळत असेल तर ते प्यावे. प्रौढ माणसाने स्वच्छ, कमी फ्लोराइडचे पाणी पिऊन फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासले तर त्याच्या दातांचे फारसे बिघडत नाही, म्हणजे या सावधगिरीची किंमत नगण्य आहे. चहा फार होत असेल तर तो कमी करावा. आकडा १.५ च्या वर असेल तर मात्र वाद नकोच, त्या घरातल्या पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याची वेगळी सोय करावी. यात एक चूक हमखास होते : पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाफ होऊन पाणी घटते आणि प्रमाण थोडे वाढतेच. कोळशाच्या साध्या फिल्टरनेही ते जात नाही. आरओ यंत्राने बहुतांश निघते. बाटलीबंद पाण्यात ते किती आहे, हे वेष्टनावर लिहिलेले असेलच असे नाही, म्हणून जावयांनी आणलेल्या बाटल्यांचाही आकडा विचारावा.

बाळ जन्मल्यावर आईचे दूध मिळत असेल तर चिंतेचे कारण नाही, कारण आई कोणतेही पाणी पीत असली तरी तिच्या दुधात फ्लोराइड नगण्य उतरते. बाळाला पावडरचे दूध द्यावे लागले तर हिशेब बदलतो. पाच किलोचे बाळ दिवसाला पाऊण लिटर पाण्यातले दूध पिते, तेव्हा त्याच्या वजनाच्या मानाने त्या घरात सर्वांत जास्त फ्लोराइड त्याच्याच पोटात जाते. त्या महिन्यांत दूध कालवायला कमी फ्लोराइडचे पाणी वापरा. फ्लोराइड मिसळण्याचे समर्थन करणारे दंतवैद्यही, दातांवरच्या डागांची काळजी वाटणाऱ्या पालकांना हा पर्याय सुचवतात. यासाठी मुलीला आपली बाजू सोडावी लागत नाही.

सुनावणीला अवश्य जा. तेथे मोठ्या आवाजात सुरक्षित किंवा विषारी असे शब्द फेकले जातील; तुम्ही मात्र कागदावर लिहून नेलेले प्रश्न शांतपणे विचारा. गेल्या वर्षात फ्लोराइड किती वेळा ठरलेल्या प्रमाणाच्या वर गेले आणि ते लक्षात यायला किती तास लागले? हा प्रश्न मी उगीच सांगत नाही. १९९२ मध्ये अलास्कातील हूपर बे या छोट्या वस्तीत यंत्रणा बिघडून पाण्यात बेसुमार फ्लोराइड गेले, सुमारे तीनशे लोक आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. ०.७ चे पाणी सुरक्षित मानायचे तर ते रोज ०.७ च राहील याची हमी हवी. मिसळले जाणारे रसायन कोणते, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी ते फॉस्फेट खतांच्या कारखान्यांतून मिळणारे फ्लोरोसिलिसिक आम्ल असते. जोडउत्पादन आहे एवढ्याने ते वाईट ठरत नाही, पण त्यात आर्सेनिकसारखी अशुद्धी किती, याची तपासणी कोण करते आणि तिचे दाखले कोठे पाहायला मिळतात, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे.

आणि बंद करण्याचा आग्रह धरणाऱ्यांना विचारा की त्यानंतर काय. कॅनडातील कॅलगरीने २०११ मध्ये फ्लोराइड मिसळणे थांबवले, शेजारच्या एडमंटनने चालू ठेवले. सात-आठ वर्षांनी दुसरीतील मुले तपासली तेव्हा कॅलगरीत सुमारे ६५ टक्के मुलांच्या दुधाच्या दातांत कीड होती, एडमंटनमध्ये ५५ टक्के. पुढे मतदान घेऊन कॅलगरीने २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू केले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी त्यावर बंदी आणली. उलट फिनलंडमधील कुओपिओ शहरात १९९२ मध्ये ते थांबवल्यावर कीड वाढली नाही. स्वित्झर्लंडमधील बासेलने २००३ मध्ये थांबवले, कारण स्वित्झर्लंडमध्ये फ्लोराइडयुक्त मिठाची सोय आधीपासून होती आणि ज्याला हवे त्याने ते घ्यावे अशी मुभा होती. फिनलंडमध्ये मुलांची दंततपासणी आणि उपचार ही सार्वजनिक व्यवस्था आहे. हा फरक माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. शाळेत दातांची नियमित तपासणी, मुलांच्या दातांवर फ्लोराइडचा लेप, गरजू घरांना पेस्ट आणि ब्रश अशी व्यवस्था शहर उभी करणार असेल, तर पाण्यात फ्लोराइड मिसळणे थांबवण्याला माझा विरोध नाही. संमतीशिवाय कोणाच्या पाण्यात काही मिसळू नये, हे म्हणणे मला समजते. व्यवस्था नसताना नुसते थांबवायचे असेल, तर त्याची झळ त्या सुजलेल्या गालाच्या मुलाला बसेल. तेथे मी हात वर करून विरोध करीन.

घरी दोघांना एकत्र बसवाल तेव्हा आधी अहवालातला आकडा मोठ्याने वाचून दाखवा आणि मग बोलायला सुरुवात करा. माझा अंदाज आहे की टूथपेस्ट, गर्भारपणातले पाणी आणि बाळाचे दूध या तिन्ही बाबतींत त्यांचे एकमत सहज होईल. सुनावणीत एकाने इकडे आणि दुसऱ्याने तिकडे हात वर केला तरी त्याने घराचे काही बिघडत नाही.

एक लहान गोष्ट राहिली. नातवाची पेस्ट बंद होऊन किती दिवस झाले, ते तुम्ही लिहिलेले नाही. त्याला खिडकीपाशी उजेडात मांडीवर आडवे घ्या, वरचा ओठ बोटाने हलकेच उचला आणि दात स्वच्छ रुमालाने पुसून हिरडीला लागून असलेली कड पाहा. तेथे खडूने ओढल्यासारखी पांढुरकी, निस्तेज रेघ दिसली तर ती कीड लागण्याची पहिली खूण असते, आणि त्या टप्प्यावर ती अजून परतवता येते. तशी रेघ दिसली तर सुनावणीची वाट न पाहता त्याला याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्या.